चार खाणी, सहा पुंकेसर आणि ताडावरचा मासा

चपला हातात घ्या. इथून पुढे बांधावरून चालायचे आहे आणि बांध निसरडा आहे. साल 1806. तमिळ पंचांगाचा आडी महिना लागलाय, आपला श्रावण. तंजावरच्या कोटातून उत्तरेला तिरुवैयारूकडे निघाले की एकामागून एक पाच नद्या लागतात: वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. तुम्ही कंडियूरच्या शिवारात आहात, म्हणजे कावेरीचा काठ आता दूर नाही. पलीकडच्या काठावर त्यागराज राहतात, वय 39. पण आज तुम्ही गाण्याला नाही, चिखलाला आला आहात.

डोक्यावर ढग नाहीत, तरी पाटाला पाणी आहे. हा पाऊस इथला नव्हेच. तो दूर कोडगूच्या डोंगरात पडला, कावेरीतून उतरत आला आणि कल्लणैपाशी चोळांच्या जुन्या बंधाऱ्याने त्याच्या वाटण्या झाल्या. याच नदीवरचे मेट्टूरचे धरण 1934 चे. ते व्हायला अजून 128 वर्षे आहेत. तोवर नदी येईल तेव्हा हंगाम. म्हणून आडीच्या अठराव्या दिवशी इथे घराघरातून नदीची पूजा होते, आणि ती पूजा निव्वळ रिवाज नाही, पोटाचा प्रश्न आहे. पिकाचा सारा मात्र राजाकडे जात नाही. 1799 च्या तहाने मुलूख इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. इथले मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्याकडे तंजावरचा कोट आणि आजूबाजूचे थोडके उरले. राज्य गेले आणि अभ्यासाला सवड मिळाली, असे म्हणणे क्रूर आहे, पण खोटे नाही.

खाचरात चिखलणी झाली आहे. बाया ओळीने वाकून लावणी करताहेत, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन रोपे चिखलात. मधेच एक जण जीभ हलवून लांब कुलवै काढते, बाकीच्या तिला साथ देतात. या बाया मजुरीला आलेल्या नाहीत. त्यांची घरेच्या घरे मिरासदाराला बांधलेली आहेत, पण्णैयाळ म्हणतात त्यांना. या शेतातले सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक आहे, हे पुढे लक्षात ठेवा.

आता उकिडवे बसा आणि पाण्यात बघा. लावणी होऊन थोडे दिवस झालेले शेजारचे खाचर घ्या, तिथले पाणी निवळले आहे. तळाशी हिरव्या तंतूंचे शेवाळ आहे आणि त्याला मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटले आहेत. एक फुगतो, सुटतो, वर येऊन फुटतो. मग त्याच जागी दुसरा. आता त्यावर सावली पडेल असे बसा आणि धीर धरा. बुडबुडे सुटायचे मंदावतात. बाजूला सरका, ऊन पडू द्या, पुन्हा सुरू. तुम्ही सातवीत पाठ केलेले प्रकाशसंश्लेषण ते हेच: हवेतला कर्बवायू आणि पाणी घ्यायचे, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करायची आणि प्राणवायू सोडून द्यायचा. पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या आकृतीत हा बुडबुडा नव्हता. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने पाण्यातल्या पानांवरचे असेच बुडबुडे पाहून 1779 मध्ये छापून सांगितले, की झाड हवा सुधारते ते उन्हात, अंधारात नाही. म्हणजे आज, 1806 मध्ये, ही जगातली ताजी बातमी आहे.

त्याच तळाशी निळसर काळपट, बुळबुळीत एक थर आहे. तो कोणी मोजत नाही. ही नील-हरित शेवाळे हवेतला नत्र पकडून मातीत घालतात. खत न घालता हजार वर्षे तेच खाचर भात कसे देते, याच्या उत्तरातला मोठा वाटा या थराचा. पी. के. डे यांनी ते 1939 मध्ये दाखवून दिले. आत्ता इथे कोणाला सांगू नका. सांगितलेत तरी ‘नत्र’ म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागेल.

पाण्यात मुळे बुडाली की बहुतेक पिके गुदमरतात. भात का नाही? जरा जून झालेले एक रोप उपटा, मूळ मोडा. आत पोकळी आहे. पानांकडून घेतलेली हवा या पोकळ्यांतून मुळांपर्यंत उतरते. भात पाण्यात उभा राहून वरून श्वास घेतो.

बांधावर एक कारकून उभा आहे. डोक्याला पागोटे, कमरेला दौत, पायाला तुमच्याइतकाच चिखल. राजवाड्यातल्या धन्वंतरी महालासाठी पाला-मुळ्या गोळा करायला माणसे फिरतात, त्यांच्यातला हा असावा. तो तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो.

“कोठले म्हणायचे तुम्ही?”

“पुणेप्रांतीचे.”

“मग पाण्यात काय पाहता? तिकडे शेवाळ होत नाही की काय?”

त्याची मराठी जरा जुन्या वळणाची आहे आणि तिला तमिळचा हेल आहे, पण कळायला अडचण नाही. तुम्ही विचारता, हे शेवाळ म्हणजे जीव का? तो हसतो. समर्थांचे मठ या प्रांतातही आहेत आणि कीर्तने त्याने लहानपणापासून ऐकली आहेत. जीवांच्या खाणी चार, तो बोटांवर मोजत सांगतो. वार वेष्टून जन्मतात ते जारज: माणूस, गाय, हत्ती. अंड्यातून येतात ते अंडज: पाखरे, साप, मासे. जमीन फोडून येतात ते उद्भिज, म्हणजे हा भात आणि तुमचे शेवाळही. आणि घामातून, उबेतून, ओलीतून आपोआप होतात ते स्वेदज: उवा, पिसवा, किडे.

या चार खाणींना हसण्याआधी थांबा. त्यांत पहिली गोष्ट म्हणजे झाड आणि माणूस एकाच यादीत आहेत. दोघेही जीव. दुसरी, भाग पाडलेत ते कसे जन्मतो यावरून. रंगावरून, आकारावरून किंवा उपयोगावरून नाही. प्रजननावरून वर्गीकरण करणे ही काही वेडगळ कल्पना नव्हे. युरोपात स्वीडनच्या लिनियसने झाडांची वर्गवारी लावली ती फुलातल्या पुंकेसर-स्त्रीकेसरांवरून, म्हणजे शेवटी जन्माच्याच खुणेवरून.

चौथी खाण मात्र चुकली. ती युरोपचीही चुकली होती. कोरड्या तळ्यात नवे पाणी येते आणि थोड्याच दिवसांत त्यात जीवांची वळवळ दिसते. ते चिखलातूनच झाले असे कोणाला वाटणार नाही? खरे तर गोगलगाय तोंडावर झाकण ओढून मातीत पडून होती, बारीक कवचधाऱ्यांची अंडी तळाशी वाळून राहिली होती, आणि मासे पाटाच्या पाण्याबरोबर वर चढले. जीव जीवापासूनच होतो, हे पाश्चरने 1860 च्या सुमारास कुप्यांतल्या काढ्यावर पक्के केले. कारकुनाला तुम्ही एवढेच विचारा, की उवांना लिखा का असतात. तो पागोटे जरा सरकवतो, डोके खाजवतो आणि म्हणतो, “हे पंडितांस पुसले पाहिजे.” बरोबर उत्तर आहे. शास्त्र असेच सुरू होते.

खाचरात बगळे उतरले आहेत. बाया एक पाऊल मागे सरकल्या की बगळे एक पाऊल पुढे. चिखल ढवळला की त्यातले किडे आणि बेडूकपिल्ले वर येतात. पिल्लांना अजून शेपूट आहे, श्वास कल्ल्यांनी. पुढे पाय फुटतील, शेपूट अंगात जिरेल, फुप्फुसे तयार होतील. एकच जीव आधी मासा असल्यागत जगतो आणि मग जमिनीवर येतो. बेडकाला खायला दिवड आहे, खेकडा बांधाला भोके पाडून आत बसला आहे, आणि त्या भोकांनी पाणी झिरपते म्हणून मिरासदार खेकड्याच्या नावाने बोटे मोडतो. अन्नसाखळीची आकृती तुम्ही काढली होती, चार चौकोन आणि तीन बाण. इथे बाण मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

पेशीविषयी गप्प राहा. सगळे जीव पेशींचे बनले आहेत, ही तुमच्या शाळेतली पहिली ओळ. पण श्लायडन आणि श्वान ती मांडतील 1838-39 मध्ये, सरफोजीराजे जाऊन सहा-सात वर्षे झाल्यावर.

दोन महिने पुढे सरका. तेच खाचर, कुरुवै हंगामाचा भात फुलोऱ्यावर आहे. सकाळचे दहा वाजायला आले आहेत. लोंबीकडे डोळे लावून बसा, कारण हा खेळ फार तर तासाभराचा. तूस उघडते, दोन्ही टरफले मुंगी शिरेल एवढी फाकतात आणि आतून बारीक पांढरट दोऱ्यांवर पिवळसर पिशव्या बाहेर लोंबू लागतात. मोजा. सहा. पिशव्यांतून परागकण झडतात आणि बहुतेक त्याच फुलाच्या पिसासारख्या दोन कुक्षींवर पडतात. मग तूस मिटते. झाले लग्न. आत दाणा भरायला लागेल, आधी दूध, मग घट्ट.

हा सहाचा आकडा महत्त्वाचा, कारण लिनियसच्या पद्धतीत त्याच्यावरून भात ‘सहा पुंकेसर, दोन स्त्रीकेसर’ या खणात गेला. गव्हाला तीनच, म्हणून तो दुसऱ्या खणात. दोघेही गवते, एका कुळातली. पण मोजणीने भावंडे वेगळी झाली आणि भात कांद्याच्या वर्गात जाऊन बसला. मोजायला सोपे तेच नात्याचे असते असे नाही. तरी ही पद्धत जगभर चालली ती तिच्या सोपेपणामुळे. भिंग आणि धीर असला की तंजावरचा माणूसही लंडनच्या माणसाला कळेल असे झाड सांगू शकत होता.

आणि तंजावरात तसा माणूस होता. कोटात चला. सरफोजीराजे 29 वर्षांचे होत आहेत. श्वार्त्स नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली ते वाढले. श्वार्त्स 1798 मध्ये वारला, पण त्याने लावलेली गोडी राहिली. महालात पुस्तके आहेत, हवा उपसायचा पंप आहे, विजेचे यंत्र आहे आणि एक मानवी सांगाडा आहे, हस्तिदंती. खऱ्या हाडांना हात लावला तर विटाळ, म्हणून हत्तीच्या दाताची हाडे. मला या सांगाड्यात राजाचा सगळा स्वभाव दिसतो. धर्म मोडायचा नाही आणि शरीरशास्त्रही सोडायचे नाही. धन्वंतरी महालात वैद्य आहेत, औषधे पारखली जातात, पुढे नेत्ररोग्यांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह ठेवली जातील. ती आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तंजावरचे चितारी पशुपक्ष्यांची चित्रे काढतात. राजाने पाळीव हत्तीला जितके निरखले, तितकेच तळ्यावरच्या बगळ्यालाही निरखायला लावले. कोटातल्या छापखान्यातून याच वर्षी इसापाच्या गोष्टी मराठीत, देवनागरीत छापून निघतात, नाव ‘बालबोध मुक्तावली’. सगळ्या प्राण्यांना त्यात बोलता येते, एवढे सोडले तर शाळेसाठी झकास पुस्तक.

वीस वर्षांनी, 1826 मध्ये, कलकत्त्याचे बिशप हेबर इथे येतील आणि लिहून ठेवतील की हा राजा लिनियस, ब्युफाँ, लाव्हाझिए यांच्याविषयी सहज बोलतो. लाव्हाझिएने दाखवले होते की श्वास घेणे म्हणजे एक मंद ज्वलनच आहे: दिवा प्राणवायू घेऊन जळतो, प्राणी तोच वायू घेऊन ऊब राखतो. त्याला 1794 मध्ये पॅरिसात गिलोटीनवर मारले. त्याचा विचार मात्र तंजावरच्या राजवाड्यात पोचला, आणि तिथून काही कोसांवर भाताच्या खाचरात त्याच वायूचे बुडबुडे सुटत होते. राजाने ते वाकून पाहिले असतील का? पाहिले असावेत असे मला वाटते. नोंद माझ्यासमोर नाही, म्हणून ठासून सांगत नाही.

आता आणखी मागे चला. नोव्हेंबर 1791, त्रिभुज प्रदेशाचे समुद्राकडचे टोक, तरंगंबाडी. 1620 पासून इथे डेन लोकांची वसाहत आहे. पाऊस लागला आहे, आणि हा इथला स्वतःचा पाऊस, ईशान्येचा. बेडकांचे नर हळदीसारखे पिवळेधमक झाले आहेत, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगताहेत. तळ्याकाठी ताडाचे झाड आहे, खोडावरून पाण्याचा ओघळ वाहतोय. दालदोर्फ नावाचा डॅनिश लेफ्टनंट त्याकडे टक लावून उभा आहे.

सालीच्या खाचेत, तळ्याच्या पाण्यापासून सुमारे पाच फुटांवर, एक मासा आहे. वीतभरही नाही. कल्ल्यांवरची काटेरी झाकणे सालीत रोवतो, शेपूट वळवतो, खालच्या परातले काटे टेकवतो, आणि तेवढाच वर सरकतो. मग पुन्हा. दालदोर्फ त्याला काढून घेतो. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले आणि 1797 मध्ये ते छापले गेले. युरोपात अनेकांनी भुवया उंचावल्या. पुढच्या काळात काही अभ्यासकांनी असेही म्हटले की झाडावर सापडणारे मासे कावळे-घारींनी उचलून नेलेले असतात. मासा जमिनीवरून मात्र सरपटत जातो, यात वाद नाही. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणाऱ्याला याचे फारसे नवल वाटू नये.

तमिळ कोळ्यांनाही नवल वाटले नव्हते. ते त्याला पनैयेरी म्हणतात, ताडावर चढणारा. शास्त्रात तो अनाबास. कल्ल्यांच्या वर त्याला नागमोडी घड्यांचा एक अवयव असतो आणि त्याने तो हवेतला प्राणवायू थेट घेतो. इतका, की पृष्ठभागावर येऊच दिले नाही तर पाण्यातला हा मासा पाण्यातच गुदमरतो. कल्ले म्हणजे मासा आणि फुप्फुस म्हणजे जमिनीवरचा प्राणी, ही वहीतली रेघ ओलांडून तो ताडाकडे निघाला आहे. तळे आटणाऱ्या मुलखात ज्यांना हवा घेता आली ते वाचले, त्यांची पिल्ले वाढली. हे कारण डार्विन 1859 मध्ये मांडेल. तुम्ही ते ताडाखाली उभे राहून बघताय.

तरंगंबाडी त्या काळात निसर्ग अभ्यासणाऱ्यांचे ठाणेच होते. लिनियसचा शिष्य क्योनिग 1768 मध्ये इथे आला. पाद्री रॉटलर झाडे जमवत होता. पाद्री ख्रिस्टोफ जॉन शंख, मासे, साप गोळा करून युरोपात पाठवी. सरफोजीराजांना सृष्टिशास्त्राची ओळख करून देणाऱ्यांत तोही होता. जॉनने पाठवलेल्या वस्तूंमुळे एका सापाला त्याचे नाव लागले. पॅट्रिक रसेलने 1801 मध्ये वर्णन केलेला तो साप आज ‘एरिक्स जॉनाय’ म्हणून ओळखला जातो. आपण त्याला मांडूळ म्हणतो. होय, तोच, दुतोंड्या म्हणून गुप्तधनाच्या भाकडकथांपायी महाराष्ट्रात चोरून विकला जाणारा बिनविषारी बिचारा. त्याचे दुसरे तोंड म्हणजे बोथट शेपूट. शत्रूने डोक्याऐवजी तिथे चावावे, एवढाच तिचा उपयोग.

नाव जॉनचे लागले. पाद्री स्वतः बिळात हात घालत नसणार. साप धरून आणणाऱ्या तमिळ माणसाचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही, तसेच कंडियूरच्या लावणीतल्या बायांचेही नाही, ज्यांना रोप पाहून भाताचे वाण सांगता येई. भात बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून चांगली लोंबी निवडून बी ठेवले तर वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहते. ही आनुवंशिकता मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्यावरून मांडली, पण तिचा वापर इथे कणगीत चालूच होता. अडुतुरैला 1922 मध्ये भातसंशोधन केंद्र निघाले, नवी वाणे आली, उत्पन्न वाढले आणि जुनी वाणे मागे पडली. त्यांतली 174 वाणे याच त्रिभुज प्रदेशातल्या नेल जयरामन यांनी गोळा करून पुन्हा शेतकऱ्यांच्या हाती दिली. ते 2018 मध्ये गेले. माप्पिळ्ळै सांबा, काट्टुयाणम ही नावे आज पुन्हा ऐकू येतात ती त्यांच्या खटपटीमुळे. माझ्या मते या मुलखातल्या जीवशास्त्राचे सगळ्यात मोठे संग्रहालय राजवाड्यात नव्हते, कणग्यांत होते, आणि त्याची यादी कोणी वेळेवर केली नाही.

राजवाड्यातली यादी मात्र शिल्लक आहे. सरस्वती महालात तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत आणि तंजावरच्या मराठी राज्याच्या दप्तराचे 1342 रुमाल, मोडीत लिहिलेले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काही कागदांचे तमिळ भाषांतर करून छापले आहे. म्हणजे आपल्या भाषेतले हे कागद सध्या आपल्यापेक्षा तमिळ वाचकाला अधिक सोपे आहेत. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात मोडीचे वर्ग भरतात, परीक्षा होतात, लोक उत्साहाने शिकतात आणि मग आजोबांच्या सातबाऱ्यापाशी थांबतात. तुम्हाला मोडी येत असेल आणि झाडाझुडपांची थोडी आवड असेल, तर पुढच्या सुट्टीत तंजावरचे तिकीट काढा.